कापडावरचे थांबे

परळच्या म्युनिसिपल शाळेत, दुसरीच्या वर्गात
गुडघे हनुवटीला टेकवून आम्ही बसलो होतो,
सतरा मोठी माणसं, पोरांच्या बाकांवर.
तस्नीम मॅडम म्हणाल्या, किल्ल्या काढा.
पाकीट, मोबाइल, चष्मासुद्धा.
द्या शेजारच्याला. आता ही बाई नेईल तिकडे जा.
कुठे? नाही विचारायचं.
किती वेळ? तेही नाही.

ऑर्लेमची फ्लाविया हसली.
हर्षिलभाई म्हणाले, आपलं पार्किंग दोनच तासांचं आहे.
मी तोडणकर, दादरच्या वर्कशॉपात एकोणतीस वर्षं,
मला कसली आलीये भीती.
पण जिन्यात अंधार, डोळ्यांवर चष्मा नाही,
पुढे एक पाठमोरी अनोळखी साडी,
आणि माझे ओठ आपसूक पायऱ्या मोजायला लागले.
अकरा. वळण. अकरा.
वर बंद खोली, पंखा नाही, कुणी काही सांगत नाही.
दहाच मिनिटं होती, नंतर कळलं.

खाली सगळे एकदम बोलत होते.
मी गप्प.
दीक्षा आमच्याकडे येऊन तेव्हा तीन आठवडे झाले होते.
भोईवाड्यात आमचा तिसरा मजला,
चढता-उतरता पोर काहीतरी पुटपुटायची.
सुनंदा म्हणायची, पाढे म्हणते, हुशार आहे.
मीही चारचौघांत तसंच सांगत फिरलो होतो.

मग महिन्याच्या रविवारी मुलांना घेऊन जमायचं.
फ्लावियाचा एथन एका दमात पाच समोसे खातो,
कुणी त्याला मोजून दाखवत नाही.
कुंजलबेननं सुनंदाला कोपऱ्यात नेऊन सांगितलं,
अंथरूण ओलं झालं तर दिवा लावू नका,
बोलू नका, फक्त चादर बदला.
आणि शेजारीण विचारेल, स्वतःचं नाही का झालं,
तर म्हणायचं, वाटीभर साखर आहे का हो तुमच्याकडे?

एक तास परत पाठवायच्या दिवसाचा होता.
आई बरी झाली, की मूल तिचं.
त्या शनिवारी सुनंदा आलीच नाही.
म्हणाली, डाळ भिजत घातलीये.

मॅडमनी सांगितलेलं, मुलाचा आधीचा रस्ता पुसू नका.
मी माळ्यावरून गुंडाळी काढली,
जुन्या बसच्या कपाळावरचं कापड.
एके काळी मीच रंगवायचो,
प्रतीक्षा नगर, वडाळा, राणी लक्ष्मी चौक.
मग दिव्यांचे आकडे आले, ब्रश वाळून गेला.
मागची बाजू कोरीच होती.

दीक्षा सांगत गेली, मी काढत गेलो.
कॉटन ग्रीन, आई.
अँटॉप हिल, मामी. हे नको.
बरं, लिही.
मानखुर्द.
भोईवाडा.
भोईवाड्याचं अक्षर माझ्या हातून जरा मोठं आलं.
ती वाकून बघत म्हणाली,
सगळे सारखे काढ ना.
टर्पेंटाइननं पुसलं, परत काढलं.

खाली हातभर कापड उरलं.
इथे काय?
मी म्हटलं, हे सोडावंच लागतं,
नाहीतर रूळ कापड पकडत नाही.
खरं आहे ते. कुठल्याही फिटरला विचारा.
सुनंदा ओट्याशी उभी होती,
बराच वेळ एकच पातेलं घासत.

काल शिवडीला हॉस्पिटलात जाऊन आलो.
शोभानं लेकीच्या वेण्या सोडून पुन्हा घातल्या,
मास्कच्या वर फक्त डोळे,
मला म्हणाली, दादा, ती भात खाते का नीट?
खाते, म्हटलं. दोनदा घेते.

रात्री घरी आलो तेव्हा जिन्यातला बल्ब गेलेला.
मीच मोठ्यानं मोजायला सुरुवात केली.
दुसऱ्या मजल्यावर तिनं माझी करंगळी धरली.
दाराशी थांबून मी म्हटलं, बेचाळीस.
ती म्हणाली, चुकलं.
त्रेचाळीस.
उंबरा धरून.